स्टेशनपासून बावन्न सेकंद

कल्याण-डोंबिवलीत अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस बाहेरगावचा समजावा. इथे ठाणं फास्टने वीसेक मिनिटांवर असतं, स्लोने अर्ध्या तासावर, आणि प्रत्येकाचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटं मूळची बिल्डरची. त्याने ती कुणाला पळायला लावून मोजली, रात्री किती वाजता मोजली, स्टेशन म्हणजे पूर्वेचं की पश्चिमेचं, हे होर्डिंगवर लिहिलेलं नसतं. पण फ्लॅटचा ताबा मिळाला की माणूस तीच पाच मिनिटं आपल्या पाहुण्यांना सांगायला लागतो. पाहुणा अर्ध्या तासाने घामाघूम होऊन पोचला, तर त्याला पाणी देताना "रस्ता चुकलात वाटतं" असं म्हणायची पद्धत आहे.

मिनिटांवर पोसलेल्या या मुलखात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं काय मोजायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. बाकीचे लोक कॉम्प्युटर घेताना रॅम विचारतात, डिस्क विचारतात, हप्ता किती बसेल ते विचारतात. आमच्या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात मात्र एक छोटी जमात आहे, ती एवढंच विचारते: "कर्नल किती वेळात होतो?"

ज्यांना या प्रश्नातलं काही कळलं नाही त्यांचं आयुष्य सुरळीत चाललंय, हे आधी मान्य करतो. तरी थोडक्यात सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम हा शेवटी माणसांनी बहुतांशी सी नावाच्या भाषेत लिहिलेला मजकूर असतो. प्रोसेसरला कळेल अशा आकड्यांत तो उतरवणं म्हणजे कंपाइल करणं. विंडोज वापरणाऱ्यांसाठी हे काम मायक्रोसॉफ्ट परस्पर उरकते. लिनक्स वापरणाऱ्यांनाही बहुतेक वेळा तयार मालच मिळतो. पण लिनक्सचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला असल्यामुळे तो उतरवून घेऊन घरच्या घरी कंपाइल करायची सोय आहे. आणि फुकट असलेली सोय वापरली नाही, तर आमच्याकडे काही लोकांना झोप लागत नाही.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली पहिली आवृत्ती बाहेर सोडली, तेव्हा त्यात दहा हजारांच्या आसपास ओळी होत्या. आज त्या चार कोटींच्या घरात आहेत. त्यातला मोठा वाटा ड्रायव्हरांचा, म्हणजे जगात कुठेही, कुणीही बनवलेलं नेटवर्क कार्ड, साउंड कार्ड, कॅमेरा चालवून घेण्याची तजवीज. आपल्या घरात यातले डझनभर नग असतात. उरलेल्या हजारोंचं ओझं आपण का वाहायचं, तर ते कुणाच्या तरी घरात आहेत म्हणून.

इथपर्यंत वाचून माझा डोंबिवलीकर मित्र नक्की उठून उभा राहिला असेल. "ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, कर्नल. कर्नल हा फक्त गाभा." बसता बसता दुसरी दुरुस्ती: "आणि नुसतं लिनक्स नको, ग्नू-लिनक्स म्हण." हा दुसरा आग्रह रिचर्ड स्टॉलमन यांचा. कंपायलरपासून बरीच हत्यारं त्यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली, तेव्हा नावातही त्याचा मान राहावा, हे त्यांचं म्हणणं. डोंबिवलीकराला स्टॉलमन मनापासून पटतात. असा माणूस रामनगरात न जन्मता न्यूयॉर्कला कसा जन्मला, याचंच त्याला नवल वाटतं.

या जमातीतले तिघे माझ्या चांगल्या ओळखीचे. दुसरा ठाणेकर आणि तिसरा कल्याणकर. ठाणेकर हल्ली घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो, पण आपण मूळचे नौपाड्यातले हे तिसऱ्या वाक्याच्या आत सांगतो. त्याच्याकडे सोळा कोअरचं मशीन आहे, कॅबिनेटला काच आहे आणि आत जांभळे दिवे लागतात. डोंबिवलीकराचं मशीन मध्यम, मतं अव्वल. कल्याणकर पारनाक्याला राहतो आणि आपलं पेंटियम-थ्री टाकायला तयार नाही. ठाणेकराला आपला वेळ सगळ्यांत कमी असल्याचा अभिमान, कल्याणकराला सगळ्यांत जास्त असल्याचा. डोंबिवलीकर दोघांचेही आकडे चुकीचे ठरवतो. यांचं कर्नलवर नाही जमलं तर रेल्वेवर जुंपते. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याकडे आली, असं ठाणेकर म्हणतो. कल्याणकर म्हणतो, आमच्याकडे पुढच्या वर्षी १ मेला आली, पण तुमच्याकडे आली आणि आमच्याकडून पुढे गेली. डोंबिवलीकर या वादात गप्प असतो, आणि त्याला गप्प करणारा दुसरा विषय मला अजून सापडलेला नाही.

तिघांना हा नाद लागला तो सीडीमुळे. नव्वदच्या दशकात 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं होतं, नाही असं नाही. पण फोनच्या तारेवरून कर्नलचा सोर्स उतरवायचा म्हणजे संध्याकाळभर फोन गुंतलेला. तेवढ्यात नाशिकहून आत्याने दहा वेळा लावून बघितलेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी "कुणाशी एवढं बोलत होता" याची चौकशी. त्यापेक्षा मासिक परवडायचं. एकाने विकत घ्यायचं आणि सीडी सकाळच्या लोकलमधून ग्रुपमध्ये फिरवायची. परत येईपर्यंत तिच्यावर इतके ओरखडे असत की ती वाचताना ड्राइव्ह कण्हायचा.

मशीन लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेलं. काचेच्या नळीचा मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड असा ऐवज टॅक्सीने भायखळ्याला आणायचा आणि तिथून लगेजच्या डब्यात. मॉनिटर मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला डब्यातले बाकीचे "टीव्ही केवढ्याला पडला?" असं विचारत. घरी आल्यावर कॅबिनेटची एक बाजू जी उघडायची, ती पुन्हा बसवायची नाही. स्क्रू हरवलेले बरे. मे महिन्यात त्या उघड्या बाजूला टेबलफॅन लावायचा, म्हणजे हवा मदरबोर्डला आणि हवेचा आवाज घरच्यांना. मशीन सुरू होताना नुसतंच बीप करत राहिलं, तर रॅमची पट्टी उपसून तिची सोनेरी कड खोडरबराने हळूच घासायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. या उपायाने जुळवलेली कितीतरी मशीनं नव्याने नांदायला लागलेली मी पाहिली आहेत. खोडरबर मात्र नटराज की अप्सरा, यावर डोंबिवलीकराचं स्वतंत्र मत आहे.

त्या काळी कर्नल कंपाइल करायला कारण असायचं. साउंड कार्ड बोलत नसे, मॉडेम ओळखला जात नसे. मग कर्नलमध्ये त्याची सोय टाकून सगळं पुन्हा बनवायचं. रात्रीची जेवणं झाली की "कंपाइल लावून" झोपायचं. पडद्यावर फायलींची नावं एकामागून एक वर सरकत राहत, आणि घरातली म्हातारी माणसं ते बघून "किती काम करतोय बिचारा" म्हणत. बिचारा म्हणजे कॉम्प्युटर.

मग लोडशेडिंग यायचं. दोन हजारच्या दशकात आमच्या भागात वीज जायची वेळ लोकलच्या टाइमटेबलसारखी पाठ असायची, फक्त वीज वेळेवर जायची. यूपीएस दहा मिनिटं किंचाळून शरण जाई. पण इथे मेक नावाच्या आज्ञेचा मोठेपणा दिसतो. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेला हा प्रोग्राम फायलींच्या वेळा बघतो. मूळ फाइल आधीची आणि तिच्यापासून बनलेली नंतरची असेल, तर ते काम झालंय असं समजून तो पुढे सरकतो. त्यामुळे वीज आली की पहिल्यापासून सुरुवात नाही. जिथे राहिलं तिथून पुढे.

मेकला एकच गोष्ट सहन होत नाही, चुकीचं घड्याळ. मदरबोर्डवर शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ तो चालवतो. कल्याणकराच्या मशीनमधला सेल कधीच संपलेला, आणि दहा-वीस रुपयांचा सेल आणायला स्टेशनपर्यंत जायचं म्हणजे पाच मिनिटं. त्यामुळे वीज गेली की त्याचं मशीन थेट कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जागं व्हायचं. समोर बघतो तर अर्ध्या फायली भविष्यात बनलेल्या! मेक मग घड्याळात गोंधळ आहे, बनलेला माल अपुरा असू शकेल, अशी ताकीद देतो. आणि तुम्ही आत्ता हाताने दुरुस्त केलेल्या फायलीला जुनी समजून खुशाल वगळतो. कल्याणकराने या परिस्थितीत कर्नल बनवलेत. त्याला लागलेला वेळ विचारला, तर काही वेळा तो उणे येतो.

पुढे एका प्रोसेसरचे दोन झाले, दोनाचे चार, चाराचे सोळा. मेकला एक खूण जोडता येते: हायफन, जे आणि आकडा. जे म्हणजे जॉब. आठ म्हटलं तर आठ फायली एकदम कंपाइल होतात. आकडाच दिला नाही तर? तर मेक कसलीच मर्यादा पाळत नाही. ठाणेकराच्या भाच्याने हे करून दाखवलं. मामा चहा घ्यायला आत गेले होते. भाच्याला वाटलं, आकडा टाकायचा राहिला तर मशीन आपल्या मनाने बरा आकडा धरेल. मशीनने शेकड्यांनी फायली एकदम आत घेतल्या. रॅम भरली, मग डिस्कवरची राखीव जागा भरली, मग माउसचा बाण पडद्याच्या मधोमध उभा राहिला तो राहिलाच. जांभळे दिवे तेवढे शांतपणे पेटलेले. भाचा पुण्याचा. त्याने सकाळी साडेआठच्या सुमाराची फास्ट डोंबिवलीत फलाटाला लागताना कधी बघितलेली नव्हती. सगळ्यांनी एकदम चढायचं ठरवलं की कुणीच चढत नाही, हे आम्हाला शाळेत असतानाच कळलेलं असतं.

सोळा कोअर लावले म्हणून काम सोळापट लवकर होत नाही, हेही आम्हाला समजवावं लागत नाही. जीन आमडाल यांनी १९६७ साली हा हिशेब मांडला. कामाचा जो भाग एकामागून एकच करता येतो, तो सगळ्या वेगाला लगाम घालतो. कर्नलच्या हजारो फायली सुट्या सुट्या बनवता येतात. पण शेवटी त्या सगळ्या एकत्र सांधायच्या असतात आणि त्या जोडणीत बराच वेळ एकच कोअर राबतो, बाकीचे पंधरा बघत उभे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका रीतसर सुरू झाली. रूळ वाढले, चांगलं झालं. पण गाडीतून उतरलेली सगळी माणसं ज्या एका जिन्यावरून वर चढतात, तो जिना आमडाल यांनी पाहिला असता तर त्यांना सूत्र लिहायची गरज पडली नसती.

त्याच सुमारास, जानेवारी २०२२ मध्ये, इन्गो मोल्नार या कर्नलच्या जुन्या जाणत्याने दोन हजारांहून अधिक दुरुस्त्यांचा गठ्ठा मांडला. कर्नल बनायला वेळ का लागतो, तर हेडर फायलींमुळे. शंभर ओळींची फाइल सुरुवातीलाच आणखी चार फायली मागवते, त्या चारांतली प्रत्येक आणखी दहा मागवते, आणि कंपायलरच्या पुढ्यात येईपर्यंत शंभर ओळींचा हजारो ओळींचा डोंगर झालेला असतो. मोल्नार यांनी वर्षाहून अधिक काळ बसून हा गुंता सोडवायला घेतला आणि वेग पन्नास ते ऐंशी टक्क्यांनी वाढू शकतो असं दाखवलं. मला या गृहस्थांबद्दल मनापासून आदर आहे. दुसऱ्यांची मिनिटं वाचावीत म्हणून स्वतःचं वर्ष घालणारी माणसं आमच्याकडे फक्त सोसायटीच्या कमिटीत असतात, आणि त्यांना कुणी धन्यवाद देत नाही.

आता मोजण्याची गोष्ट. लिनक्समध्ये टाइम नावाची आज्ञा आहे. ती कामाच्या शेवटी तीन आकडे देते. पहिला भिंतीवरच्या घड्याळाचा. दुसरा सगळ्या कोअरनी मिळून प्रत्यक्ष किती घाम गाळला त्याचा. तिसरा यंत्रणेने स्वतःच्या कारभारात किती घालवला त्याचा. सोळा कोअर असले की पहिला आकडा पन्नास-पंचावन्न सेकंद आणि दुसरा दहा मिनिटांच्या वर, असं सहज होतं. नव्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं. नोकरदाराला लगेच कळतं. घरातून साडेसातला निघाला, साडेनवाला पोचला, हा पहिला आकडा. साहेबाला सांगायचा दुसरा. गाडी दिव्याला उभी राहिली, तो तिसरा. यातला कुठला आकडा कुणाला सांगायचा, हे ज्याला समजलं त्याला बढती मिळते.

ठाणेकराने एकदा लोकलमध्ये बावन्न सेकंद जाहीर केले. डोंबिवलीकराने पेपर घडी करून खाली ठेवला. "कुठून मोजलेस?" म्हणजे नुसतं कंपाइल, की सोर्स उलगडल्यापासून? सोर्सचं झाड आधीपासून स्वच्छ होतं का? सी-कॅश चालू होता का? अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहिलेला हा सी-कॅश एकदा बनवलेला माल लक्षात ठेवतो. तीच फाइल पुन्हा आली की जुनंच उत्तर पुढे करतो. म्हणजे दुसऱ्या खेपेचा वेळ हा वेळच नव्हे. "आणि कॉन्फिग कुठलं?"

हा शेवटचा प्रश्न जिव्हारी लागतो. कर्नल बनवण्यापूर्वी काय आत घ्यायचं आणि काय वगळायचं, याची हजारो कलमांची यादी असते, ती कॉन्फिग. सगळं वगळलेलं ते टायनीकॉन्फिग. ते काही क्षणांत बनतं, आणि त्यावर काही चालत नाही. सर्वसाधारण ते डेफकॉन्फिग. झाडून सगळे ड्रायव्हर घेतलेलं ते ऑलमॉडकॉन्फिग. ते सोळा कोअरलाही मिनिटं खायला लावतं. आकडा सांगताना कॉन्फिग न सांगणं म्हणजे होर्डिंगवरची पाच मिनिटंच. याशिवाय लोकलमॉडकॉन्फिग नावाचा शहाणा पर्याय आहे. आत्ता या क्षणी मशीनला जे जोडलेलं आहे, तेवढ्याचीच सोय तो ठेवतो. डोंबिवलीकर याचा पुरस्कर्ता. एकदा त्याने तो वापरला तेव्हा पेनड्राइव्ह काढून ठेवलेला होता. नव्या कर्नलने त्यानंतर पेनड्राइव्हला आयुष्यात ओळख दाखवली नाही. सोसायटीच्या ताळेबंदाची एकमेव प्रत त्यात होती. डोंबिवलीकर सांगतो की कर्नल नऊ टक्क्यांनी लहान झाला.

या सगळ्या भांडणावर तोडगा निघालेला आहे. १९९९ साली गेरार्ड बीकमन्स यांनी 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक सुरू केलं. त्यात अख्खी यंत्रणा स्वतःच्या हाताने शून्यापासून उभारायची कृती आहे. प्रत्येक पायरीला किती वेळ लागेल हे वाचकाला कसं सांगायचं? प्रत्येकाचं मशीन वेगळं. मग त्यांनी मिनिटंच सोडून दिली. पहिलं पॅकेज कंपाइल करायला तुमच्या मशीनला जो काय वेळ लागेल, तो एक एसबीयू. पुढचं सगळं त्या पटीत. ठाणेकराचंही पहिलं पॅकेज एक एसबीयू, कल्याणकराचंही एक एसबीयू. मला ही मानवजातीने शोधलेली सर्वांत सभ्य मोजपट्टी वाटते. मी ती तिघांना समजावून सांगितली. तिघांनी ऐकून घेतलं आणि तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं: "मग मोजायचं कशाला?"

दुसऱ्या टोकाला जेंटूवाले. डॅनियल रॉबिन्स यांच्या या लिनक्समध्ये कर्नलच काय, ब्राउझर, ऑफिस, सगळंच घरी कंपाइल करायचं असा शिरस्ता. आपल्या प्रोसेसरला मापून शिवलेला माल, म्हणून वेगवान. नावही वेगाने पोहणाऱ्या जेंटू पेंग्विनवरून घेतलेलं. कल्याणकर दोन-तीन वर्षं जेंटूवाला होता. त्या काळात तो कॉम्प्युटरवर काय करायचा असं कुणी विचारलं, तर उत्तर "अपडेट". ओपनऑफिस बनायला लागलं की बायको गणपतीला माहेरी जाऊन परत यायची. डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनेही तयार बनवलेली पॅकेजं मुबलक द्यायला सुरुवात केली. कल्याणकराने ती बातमी ऐकून दोन दिवस दाढी केली नाही.

वेगाच्या शर्यतीत जग कुठे पोचलंय हे ठाणेकर मोबाइलवर दाखवत असतो. मायकल लाराबेल यांच्या फोरोनिक्स या संकेतस्थळावर प्रत्येक नव्या प्रोसेसरची चाचणी होते आणि त्यात कर्नल बनायला किती सेकंद लागले हा रकाना ठरलेला. चौसष्ट कोअरवाले डेफकॉन्फिग अर्ध्या मिनिटाच्या आत उडवतात. खुद्द टोरवाल्ड्स यांनी मे २०२० मध्ये पंधरा वर्षांत पहिल्यांदा इंटेल सोडून बत्तीस कोअरचा एएमडी थ्रेडरिपर घेतला. आपले चाचणीचे बिल्ड आता तिप्पट वेगाने होतात, असं त्यांनी स्वतःच कळवलं. ज्या ३८६ वर त्यांनी १९९१ साली हे सगळं सुरू केलं, त्या ३८६ चा आधार लिनक्सने २०१२ च्या शेवटी काढून टाकला. म्हणजे ज्या पाटावर बारसं झालं त्यावर आता मुलाला बसता येत नाही.

कल्याणकराचा आदर्श वेगळा. दिमित्री ग्रिनबर्ग या अभियंत्याने २०२४ साली इंटेलच्या ४००४ वर लिनक्स चालवून दाखवलं. ४००४ म्हणजे १९७१ सालचा, एका वेळी चार बिटांचा घास घेणारा, इंटेलचा पहिलावहिला मायक्रोप्रोसेसर. नुसतं सुरू व्हायला लागले ४.७६ दिवस. कंपाइल नव्हे, फक्त सुरू. कल्याणकर हा आकडा दशांशासकट सांगतो, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते ठाणेकराच्या जांभळ्या दिव्यांना कधी येणार नाही. माझंही मत विचाराल तर त्याच्याच बाजूने. बावन्न सेकंदांत माणूस काय करणार? चष्मा पुसेपर्यंत संपलं. रात्रभर चालणाऱ्या कंपाइलवर लग्नं जुळण्याइतक्या गप्पा झालेल्या आहेत.

गेल्या दिवाळीत तिघे फडके रोडवर भेटले. नरक चतुर्दशीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नवे कपडे घालून गणेश मंदिरापासून या रस्त्यावर लोटते. मी तिथे होतो. झब्बे घातलेले तीन पन्नाशीचे गृहस्थ, एकाच्या हातात कॉफीचा कागदी कप, सभोवती ढोल, सेल्फी, अत्तर. विषय अर्थातच तो. ठाणेकराने नवीन आकडा आणला होता. डोंबिवलीकराची पुतणी, कॉलेजातली, मोत्यांची नथ सावरत बाजूला उभी होती. तिने बराच वेळ ऐकलं.

"काका, पण हा कर्नल बनवल्यावर त्याचं पुढे काय करता?"

"पुसतो," ठाणेकर म्हणाला. "मेक मिस्टरप्रॉपर मारला की सगळं साफ." ही आज्ञा खरोखर आहे, युरोपात मिळणाऱ्या फरशी पुसायच्या द्रव्यावरून तिचं नाव पडलंय.

"पुसता? का?"

"पुन्हा बनवता यायला नको?"

"मग तुमचा कॉम्प्युटर कशावर चालतो?"

"उबुंटूचा येतो की तयार. चांगला असतो तो."

पुतणीने काकाकडे बघितलं. काकाने आकाशकंदिलाकडे. "म्हणजे तुमच्यापैकी कुणीच स्वतः बनवलेला वापरत नाही?"

"मी वापरणारे," कल्याणकर म्हणाला. "घरी लावून आलोय. वसुबारसेला लावलाय. पाडव्यापर्यंत होईल."

ठाणेकर हसायला लागला. डोंबिवलीकर हसला नाही. त्याने कॉफीचा कप कचरापेटीत टाकला, झब्ब्याची बाही वर केली आणि विचारलं, "कॉन्फिग कुठलं?"